शेपटाला कोण तपासणार?

“जास्तीची रात्र? मी? अरे, मी काय पाहुणी आहे का?”

“मावशी, दोन महिने खाली होतीस तू.”

“होते. पोरीचं बाळंतपण काढायला होते, हवा खायला नव्हते गेले.”

“पण खाल्लीस ना हवा? बिनहवेची तर राहिली नसशील दोन महिने. मग इथे एक रात्र जास्त झोप, सगळे झोपतात तशी. उद्याऐवजी परवा निघू. एक दिवस राखीव आहेच आपल्याकडे.”

“राखीव दिवस ढगांसाठी असतो, म्हाताऱ्या मावशीच्या लाडांसाठी नसतो. पुढारी म्हणवतोस आणि आभाळाकडे बघत नाहीस! उद्या निघायचं. ह्या डोंगराच्या पायथ्याशी माझी नाळ पुरलीय, मला तो ओळखतो.”

“तो कोणाला ओळखत नाही, हे मला तूच शिकवलंस.”

“शिकवलं असेल. आता तो काट्यांचा पट्टा दे इकडे आणि तोंड बंद कर.”

खालच्या निवाऱ्याच्या दारात, पालथ्या खोक्यावर बसून मावशी बर्फात रुतण्यासाठी बुटांखाली बांधायच्या काट्यांचे पट्टे तपासत होती. समोर दोराची वेटोळी घालत बसलेला हा तिचा सख्ख्या बहिणीचा मुलगा. डोंगरावर माणसं नेणाऱ्यांत तो सगळ्यांत पुढे चालायचा, म्हणून त्याला पुढारी म्हणत. आणि मावशी चालायची सगळ्यांच्या मागे. म्हणून ती शेपूटमावशी. हे नाव तिला कोणी कुचेष्टेनं ठेवलेलं नव्हतं, तिनंच ठेवून घेतलं होतं. “शेपूट हलतंय तोवर जनावर जिवंत आहे,” असं ती नव्या माणसांना पहिल्याच दिवशी सांगायची आणि सगळ्यांत जोरात स्वतःच हसायची.

शेपटाचं काम दिसायला सोपं. रांगेच्या शेवटी चालायचं, कोण मागे पडतंय ते बघायचं, कोणी काही टाकलं तर उचलून पोत्यात घालायचं. ते पोतं तिनं फाटक्या तंबूच्या कापडातून स्वतः शिवलं होतं. तिचा नवरा बूट शिवणारा. घर म्हणजे एकच खोली, खिडकीशी त्याची सुई, मेणाचा गोळा आणि दोरीला लटकलेले लोकांचे बूट. झोपलं तरी डोक्यावर कोणाचा ना कोणाचा बूट असायचाच. त्यानंच पोत्याच्या तोंडाला चामड्याची वादी ओवून दिली होती. “तुझ्या तोंडालाही एक घालून देऊ का?” असं विचारून त्यानं त्या दिवशी मार खाल्ला होता.

पण शेपटाचं खरं काम वेगळंच. रांगेतला कोणी आजारला की त्याला खाली घेऊन जायचं. पुढारी बाकीच्यांना वर नेणार आणि शेपूट त्या एकट्याला खाली आणणार, हा डोंगरावरचा कायदा. मावशीनं अशी कितीतरी माणसं खाली आणली. बैलासारखा एक पैलवान होता, बर्फात बसकण मारून आई आई करायला लागला. बायकोबरोबर आलेला एक नवरा होता, त्याला अचानक उकडायला लागलं आणि तो हातमोजे काढून दरीत फेकायला निघाला. एक बाई तर म्हणाली, मी इथेच झोपते, सकाळी मला उठवा. सगळ्यांना मावशीनं शिव्या घालत, गोष्टी सांगत, कंबरेला दोर बांधून खाली आणलं. एकही माणूस गमावला नाही.

आणि एकदाही शिखरावर पाय ठेवला नाही.

कसा ठेवणार? दर वेळी कोणी ना कोणी परतायचंच. कधी निम्म्यात, कधी अगदी शेवटच्या चढाखाली. एवढी वर्षं त्या डोंगरावर घालवून त्याचं डोकं तिनं फक्त खालून पाहिलं होतं. लोक विचारायचे, “मावशी, वरून काय दिसतं?” ती म्हणायची, “माझी पाठ दिसते, खाली जाताना.” हसण्यावारी न्यायची. पण रात्री नवऱ्याजवळ एकदा बोलून गेली होती, की मेल्यावर लोक म्हणतील, हिनं जन्मभर वाढलं आणि स्वतः चव घेतली नाही.

आता ही शेवटची संधी. वाटाड्यांच्या मंडळानं ठरवलं होतं, की पुढल्या हंगामापासून मावशीनं खालच्या निवाऱ्याचं स्वयंपाकघर सांभाळायचं. तिथल्या किल्ल्या आणि चूल सांभाळणारी किल्लीवाली लेकाकडे राहायला जाणार होती. गुडघ्यांचं निमित्त सांगितलं सगळ्यांनी. मावशीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण गुडघे कुरकुरत होते हे खोटं नव्हतं. मग तिनं हंगामातली ही शेवटची तुकडी मागून घेतली. तुकडी छोटी, तिघांचीच, आणि तिघंही काटक. ह्या वेळी कोणी परतणार नाही. ह्या वेळी शेपूटही वर जाणार.

तिघांत एक निवृत्त बस ड्रायव्हर होता. त्याला सगळे ड्रायव्हरकाका म्हणत. तोंडाचा पट्टा अखंड चालू आणि पाय त्याहून पक्के. बाकी दोघी बहिणी, थोरली आणि धाकटी. दोघी मिळून शिवणकामाचं दुकान चालवायच्या. थोरली शांत, धाकटी फटाक्यासारखी. ह्या चढाईसाठी त्या वर्षभर सकाळी सकाळी इमारतीचे जिने चढल्या होत्या, आणि शेजाऱ्यांनी त्यांना वेड लागलं असं ठरवून टाकलं होतं. तिघंही आधीपासून येऊन खालच्या निवाऱ्यात नियमाप्रमाणे राहिले होते, जवळच्या टेकाडावर चढून उतरून इथल्या विरळ हवेला सरावले होते. खालून तडक आली होती ती एकटी मावशी.

दुसऱ्या दिवशी ते वरच्या निवाऱ्यावर पोचले. मावशीचं डोकं संध्याकाळपासून ठणकायला लागलं. प्रवासाची दगदग, ती स्वतःशी म्हणाली. नातवानं दोन महिने झोपू कुठे दिलंय. जेवण गेलं नाही, तर ताटातलं हळूच पुढाऱ्याच्या ताटात सरकवलं. आणि मग सगळे झोपायची तयारी करत असताना तिनं खिशातून डोकेदुखीची गोळी काढून गिळली. हीच गोळी शोधण्यासाठी ती लोकांचे खिसे चाचपायची. “गोळीनं दुखणं जात नाही, लपतं,” असं म्हणून काढून घ्यायची.

पहाटे निघण्याआधी फळीचा कार्यक्रम. निवाऱ्याच्या जमिनीला लाकडी फळ्या होत्या, त्यातल्या एका सरळ सांध्यावर टाचेला चवडा लावत चालायचं. ज्याचा तोल जाईल त्यानं वर जायचं नाही, तिथल्या तिथे निकाल. ही मावशीनं पाडलेली रीत. थोरली सरळ चालली. धाकटी इतक्या ऐटीत चालली की मावशी म्हणाली, “हे डोंगर चढायचं आहे गं, लग्नाला नाही जायचं.” ड्रायव्हरकाका दोन्ही हात पंखासारखे पसरून चालले.

“पास?” त्यांनी विचारलं.

“पास.”

“मग आता तुम्ही.”

“मी काय?”

“चाला की फळीवरून. आमच्या डेपोत सकाळी ड्रायव्हरचं तोंड हुंगायला एक साहेब असायचा. त्या साहेबाचं तोंड कोणी हुंगत नसे. सगळ्यांत जास्त तोच पिऊन यायचा.”

सगळे हसले. मावशीही हसली. “शेपटाला कोण तपासणार, काका? शेपूट हलतंय ना? झालं तर मग. निघा.”

पुढाऱ्यानं कंदिलाच्या उजेडात तिच्याकडे एकदा पाहिलं. तिनं त्याच्यावर डोळे वटारले. तो दार उघडून बाहेर पडला.

अंधार सरला, उजाडलं. बर्फाचा उतार गुलाबी झाला, मग पांढरा, मग डोळ्यांना टोचायला लागला तेव्हा सगळ्यांनी काळे चष्मे लावले. बर्फ कडक होता, काटे चांगले रुतत होते. वारा नाही, ढग नाही. असा दिवस डोंगर वर्षातून क्वचित देतो. मावशी पुढच्याच्या पावलात पाऊल टाकत चालली होती. गोळीचा असर ओसरला होता आणि कवटीच्या आत कोणीतरी चामडं ठोकत बसलं होतं. ती मनात म्हणत होती, चल. म्हशीसारखी चल. जन्मभर दुसऱ्यांना चालवलंस, आज स्वतःला चालव.

थांबा घेतला तेव्हा थोरलीनं खाऊचा कागद तिच्याकडे दिला. धाकटीनं चॉकलेटचा लाल कागद दिला. काकांनी संत्र्याच्या सालींची पुडी दिली. मावशीनं सगळं पोत्यात घातलं. “वर गेलेलं सगळं खाली आलं पाहिजे,” ती नेहमीसारखं म्हणाली, “माणसंसुद्धा.” बोलताना जीभ जरा जड वाटली. थंडी असेल.

आणि मग शेवटचा चढ आला. वर टोक दिसत होतं, निळ्या आभाळात उभं, अगदी उघडंनागडं. धाकटी ओरडलीच, “ताई, ते बघ!” इतक्या जवळून तिनं ते कधीच पाहिलं नव्हतं. इथवर आली होती, पण तेव्हा कोणाला तरी पाठीशी टेकवून, नजर खाली ठेवून. आज पाठ मोकळी होती. हात लांबवला तर शिवता येईल.

पाऊल चुकलं. काटा काट्यात अडकला, ती गुडघ्यावर आली. कोणी पाहिलं नाही, शेपटाकडे कोण बघतं? ती उठली. उठताना सहज मागे, खाली नजर गेली.

पांढऱ्या उतारावर ठिपके दिसत होते. एक लाल, एक चंदेरी, मग केशरी केशरी बारीक तुकडे, मग पुन्हा काहीतरी पिवळं. खालपर्यंत रांगच्या रांग.

मावशीचं टाळकं सणकलं. कुठला मेला कचरा फेकत चाललाय? देवळात थुंकल्यासारखं! ती तोंड उघडून पुढच्यांवर ओरडणार होती. शिवी ओठावर आली होती.

ती ओठावरच राहिली.

कारण तो लाल कागद धाकटीचा होता आणि तो मावशीनं स्वतःच्या हातानं पोत्यात घातला होता. तिच्या पुढे चार माणसं होती आणि सगळ्यांच्या मागे ती एकटी. मागे चालणाऱ्याच्याही मागे जे पडलं, ते पुढच्यांनी कसं टाकलं असेल?

तिनं हात मागे नेऊन पोतं चाचपलं. तोंड सताड उघडं. नवऱ्यानं ओवलेली वादी नुसती लोंबत होती. गाठ मारलीच नव्हती. एवढ्या वर्षांत, वादळात, धुक्यात, पैलवानाला ओढत आणताना, ती गाठ मारायची राहिली नव्हती. आणि वाईट हे, की मारली की नाही ते तिला आठवतच नव्हतं.

मावशी बर्फात उभी राहिली. एवढं तिला पक्कं कळलं, की हे दुसऱ्या कोणाचं झालं असतं तर तिनं काय केलं असतं. क्षणभरही विचार केला नसता. मानगूट धरली असती.

पण दुसऱ्या कोणाचं असतं तर ते एकटंच खाली गेलं असतं. आता शेपूटच आजारलं होतं. वाटाडे दोघंच. तिला खाली न्यायचं तर पुढाऱ्यानं, आणि पुढारी गेला तर तिघांना इथे सोडता येणार नाही. तिनं तोंड उघडलं की सगळ्यांचंच शिखर जाणार. नाही उघडलं तर? अजून थोडाच चढ. वर जाऊन आल्यावर सांगता येईल. थोडंच तर आहे. हेच, अगदी हेच शब्द पैलवान म्हणाला होता. तो हातमोजे फेकणारा नवराही. “मावशी, थोडंच तर आहे.” तिला तेव्हा त्यांचा किती राग यायचा.

तिनं दातओठ खाल्ले, टोकाकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि शिट्टी तोंडात धरली.

शेपटाची शिट्टी म्हणजे रांग थांबली पाहिजे. रांग थांबली. पुढारी वळला.

“कोण?” त्यानं वरून विचारलं.

“मी,” मावशी म्हणाली. “डोकं फुटतंय माझं. कालपासून. गोळी खाल्ली होती मी. पोतं बांधायचं विसरले. तोल जातोय. मला खाली न्या.”

मग धाकटी फुटली.

“म्हणजे? आपण सगळे? अहो, ते बघा, ते तिथे आहे! वर्षभर जिने चढलो आम्ही! काल का नाही सांगितलंत?”

“लपवलं म्हणून.”

“तुम्ही? तुम्हीच?”

“मीच. शिव्या दे, पण खाली उतरून दे. इथे उभं राहून नको.”

थोरलीनं धाकटीचा दंड धरला. काका म्हणाले, “मावशीला इथे आडोशाला बसवून आपण पटकन...”

“काका,” मावशी म्हणाली, “इथे बसवलेलं माणूस परत येईपर्यंत बसलेलं असेल, पण जिवंत असेल असं नाही. मी सांगते ना. मी बसू दिलंय का कधी कोणाला?”

“तुमच्याबरोबर मी उतरतो मग. बस चालवलीय घाटातून.”

“बस चालवलीत. मला चालवलेलं नाही. माझे ब्रेक गेलेत.”

पुढारी एव्हाना तिच्यापाशी आला होता. तिच्या कंबरेला दोर बांधताना त्यानं गाठ दोनदा ओढून बघितली. चेहरा लाकडासारखा. “काका पुढे,” तो म्हणाला, “मग दोघी, मग मावशी. मागे मी. आज शेपूट मी.”

उतरताना धाकटी मुकाट्यानं वाकली आणि तिनं तो लाल कागद उचलला. मग थोरलीनं चंदेरी उचलला. काकांनी सालं वेचली, एकेक, बोटं गारठली तरी. मावशीनं वाकायचा प्रयत्न केला तर मागून दोर आवळला गेला.

“तू हात लावायचा नाहीस,” पुढारी म्हणाला. “तू फक्त पाय टाक. आणि बोलत राहा.”

“काय बोलू?”

“मला काय माहीत? तू लोकांना काय बोलायला लावतेस?”

“लग्नात भांडण कोणी काढलं ते सांगायला लावते.”

“मग सांग.”

मावशीनं सांगितलं. जीभ अडखळत होती, पण तिच्या लग्नात मोठ्या जावेनं आणि आत्यानं कसा राडा केला होता ते सगळं तिनं सांगितलं. उतार निम्मा झाल्यावर तर पुढे चालणाऱ्या धाकटीनं न राहवून मागे वळून विचारलं, “मग जाऊबाई जेवल्या की नाही?”

वरच्या निवाऱ्यात तिघांना ठेवलं. दार होतं, अंथरूण होतं, चहाचं सामान होतं. पुढारी मावशीला घेऊन न थांबता खालच्या निवाऱ्यापर्यंत उतरला. उतरता उतरता तिच्या डोक्यातलं ठोकणं मंद झालं, आणि निवाऱ्याचं धुराडं दिसलं तेव्हा तिला चक्क भूक लागली.

दारातच किल्लीवाली कमरेवर हात ठेवून उभी होती. तिला बघून मावशी म्हणाली, “बोल, काय बोलायचंय ते.”

“मला काय बोलायचंय? सूप पी.”

पुढाऱ्यानं मात्र पाण्याचा तांब्या तोंडाला लावून खाली ठेवला आणि मग बोलला. “काल रात्री इथे झोपली असतीस तर आज आपण निघालो असतो वरच्या निवाऱ्याला आणि उद्या तू टोकावर असतीस. राखीव दिवस वाचवलास ना ढगांसाठी? बघ, एक ढग नाही.”

“माहितीय मला.”

“पाहुणी नाहीस म्हणे.”

“एकदा बोललास ते पुरे. आता ऐक. राखीव दिवस अजून तुझ्या हातात आहे. किल्लीवाली पूर्वी दोरावर चालायची. हंगामभर इथेच राहिलीय, आठवड्याला वर सामान पोचवते, छाती भात्यासारखी आहे तिची. तिला शेपूट म्हणून ने. आत्ता निघालात तर संध्याकाळी वर पोचाल. त्या पोरी वर्षभर जिने चढल्यात.”

किल्लीवालीनं भुवया उंचावल्या. “आणि माझं स्वयंपाकघर?”

मावशीनं हात पुढे केला. “किल्ल्या दे.”

जाण्याआधी तिनं किल्लीवालीला चुलीपुढच्या फळीवर चालायला लावलं. टाचेला चवडा लावून. किल्लीवाली बडबडत, पण सरळ रेघेत चालली. मग मावशीनं पोतं तिच्या पाठीला लावलं आणि वादीची गाठ स्वतः मारली.

दुसरा दिवस मावशीनं त्याच जागी काढला जिथे बसायच्या कल्पनेनं तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. बटाटे सोलले. काळवंडलेली पातेली राखेनं घासली. किल्लीवालीच्या डब्यांची मांडणी बघून नाक मुरडलं आणि सगळे डबे बदलले. दुपारच्या आत एकदा बाहेर येऊन, डोळ्यांवर हात आडवा धरून तिनं वर पाहिलं. शेवटच्या चढावर पाच मुंग्या होत्या. मागची मुंगी बाकीच्यांच्या मागोमाग होती. मुंग्या टोकावर गेल्या आणि आभाळात मिसळल्या. मावशी तशीच उभी राहिली. मग तिनं नाक पदराला पुसलं आणि आत जाऊन उरलेले बटाटे संपवले.

सूर्य कलताना सगळे उतरून आले. धाकटी आली ती सरळ स्वयंपाकघरात, सुरीसकट मावशीला मिठी मारायला.

“अगं, सुरी आहे हातात, भोसकली जाशील! तोंड बघ कसं भाजलंय. मलम लाव आधी.”

“मावशी, शिव्या द्यायच्या होत्या तुम्हाला. विसरले.”

“लिहून ठेव, उद्या दे.”

किल्लीवालीनं पोतं दारात टेकलं. गाठ तशीच होती.

“काय आहे वर?” मावशीनं पातेल्यात बघत विचारलं.

“तेच गं. दगड आणि वारा. ह्या वेळी कोणाचा तरी एक मोजाही होता, तो आणलाय.” मग जरा थांबून ती म्हणाली, “लेकाकडे गेल्यावर कुठलं डोंगरावर जायला मिळतंय मला. इथे राहणाऱ्याचं बरं असतं. हंगामभर राहून छाती तयार होते. शेपूट आजारलं की आपल्यालाच बोलावतात.”

मावशीनं मान वर केली. किल्लीवाली बूट काढण्यात गुंतली होती. किल्ल्यांचा जुडगा, जो कालपासून खुंटीला होता, तो तिनं काढून कमरेला खोचला.

एवढ्यात बाहेर पावलं वाजली. पलीकडल्या खिंडीकडे जाणारी दुसरी तुकडी आली होती. त्यांचा पुढचा वाटाड्या, ताडमाड उंच, लांबट्या म्हणत त्याला, वाकून दारातून आत आला.

“मावशी! चहा टाका. पाहुण्यांना आज इथे ठेवतो, मी आणि माझा जोडीदार सामान घेऊन कंदिलाच्या उजेडात पुढे वर जातो.”

“तू कुठून आलास?”

“भावाच्या लग्नाला गेलो होतो ना खाली. महिना झाला, आजच परत.”

“मग तू वर नाही जायचं. इथे झोप.”

लांबट्या हसला. “मी? अहो, मी काय पाहुणा आहे का?”

कोपऱ्यात दोर गुंडाळणाऱ्या पुढाऱ्याला जोराचा खोकला आला. काकांनी चहाच्या कपात तोंड घातलं. मावशीनं दोघांकडे पाहिलंही नाही. तिनं डाव चुलीवर ठेवला, ओले हात पुसले आणि फळीच्या सांध्याकडे बोट दाखवलं.

“बूट काढ. चाल त्याच्यावरून. आणि मग त्या टोपलीतले कांदे घे. रात्रभर इथेच आहेस तर नुसता बसून काय करणार?”